बाबांना यंदा गावच्या गणपतीला न्यायचंय : पक्षाघातानंतरचा प्रवास, घर, पूजा, जेवण

शेवंती

बाबांचं वय ७९. डिसेंबरात पक्षाघात झाला. उजवी बाजू कमजोर आहे, दोघांनी धरलं की वॉकरने दहाबारा पावलं चालतात. बोलणं तुटक, पण समज शाबूत. पाणी प्यायलं की ठसका लागतो, म्हणून पेयं घट्ट करून आणि जेवण मऊ द्यायला सांगितलंय. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे वॉरफरिन (रक्तात गाठी होऊ नयेत म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू आहे. आम्ही पुण्यात. गाव कुडाळजवळ, घर वर्षातून दोनदा उघडतं. गणपती पाच दिवसांचा आणि भावकीतली पाळी यंदा आमची.

बाबांची एकच इच्छा आहे: या गणपतीला गावच्या घरात असायचं आणि सगळी भावंडं, मुलं, नातवंडं तिथे हवीत. पुणे, डोंबिवली, बेळगाव, मस्कत मिळून २६ माणसं होतात आणि सगळी यायला तयार आहेत. डॉक्टरांची हरकत नाही. चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६, सोमवार. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी कृपया बारीकसारीक तपशिलासकट सांगावं. धीर नको, तपशील हवा.

पायवाट

मी घरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या पथकात काम करते. गाडी आणि तिकिटांच्या आधी एक काम करा. 'गावच्या गणपतीला असायचं' या इच्छेत नेमकं काय काय आहे ते बाबांकडूनच काढून घ्या. घरचे गृहीत धरतात की पूजेला बसायचं असेल, आणि सगळी ताकद त्यात घालतात. प्रत्यक्षात कोणाला मूर्ती उंबऱ्यातून आत येताना बघायची असते, कोणाला रात्रीचं भजन ऐकायचं असतं, कोणाला फक्त आपल्या माजघरात झोपायचं असतं.

बोलणं तुटक असलेल्या माणसाला विचारायची पद्धत अशी: सकाळी, झोप झाल्यावर विचारा. टीव्ही बंद, समोर एकच माणूस. 'तुम्हाला काय काय हवंय?' असं मोकळं विचारू नका. एका वेळी एकच गोष्ट, हो किंवा नाही. मूर्ती, माटवी (मूर्तीच्या वर बांधतात ती फळाफुलांची चौकट), आरती, भजन, विसर्जन, मोदक, आत्या यांचे जुने फोटो फोनवर एकेक दाखवा. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून थांबा, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि मध्येच दुसरं कोणी वाक्य पुरं करतं. तेच प्रश्न दोन दिवसांनी क्रम बदलून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा 'हो' आलं ते खरं.

मग त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी एका कागदावर लिहा आणि सगळ्यांना पाठवा. पक्षाघातानंतर महिनोन्‌महिने माणूस लवकर थकतो. एका दिवसात अर्ध्या-पाऊण तासाचे दोन प्रसंग नीट पेलले तर पुष्कळ झालं. बाकीचं सगळं त्या दोन प्रसंगांभोवती बसवा.

आणखी एक. पाच दिवसांचा गणपती म्हणून बाबांनी पाच दिवस राहायलाच हवं असं नाही. पण पोचण्याचा दिवस चतुर्थीच्या आदल्या रात्रीचा नको. प्रवासाचा शीण उतरायला मधे पूर्ण दोन रात्री हव्यात, म्हणजे शनिवार १२ तारखेला मुक्कामी.

रुळावरून

पुण्याहून तळकोकणात थेट गाड्या मोजक्या, त्यामुळे बाबांसाठी रस्ताच बरा. डोंबिवलीकरांनी मात्र रेल्वेच धरावी. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. १२ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला सकाळी ८ वाजता. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आत्ताच जोडून ठेवा, आयत्या वेळी ओटीपीत अडकलात तर गाडी भरलेली असते. गणपती स्पेशल नंतर जाहीर होतात, त्यावर नजर ठेवा, पण भिस्त ठेवू नका. परतीचं आरक्षण वेगळ्या दिवशी उघडतं, तेही कॅलेंडरवर टाका.

कोणी ज्येष्ठ मंडळी रेल्वेने येणार असतील तर हे महत्त्वाचं: खालच्या बर्थचा ज्येष्ठ कोटा (पुरुष ६०, स्त्रिया ४५ वर्षांपुढे) एकटा प्रवासी किंवा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघे असतील आणि दोघेही त्या वयात बसत असतील तरच मिळतो. सहा जणांच्या तिकिटात आजीआजोबांना घातलं की कोटा गेला. त्यांचं तिकीट वेगळं काढा.

सप्टेंबरात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं. गाड्या सावकाश जातात, वेळा बदललेल्या असतात. नेहमीची वेळ धरून कुडाळला रिक्षा सांगू नका. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरावं लागतं.

रस्ता: पुणे–कोल्हापूर आणि पुढे घाट. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली यांपैकी कोणता चालू आहे ते निघायच्या दिवशी सकाळी वैभववाडी किंवा कणकवलीच्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा. पावसात दरड येते आणि नकाशावरचं ॲप कित्येकदा बंद घाटातूनच रस्ता दाखवतं. सलग जाऊ नका, कोल्हापूरला एक रात्र मुक्काम करा. तिथे तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली खोली आणि कमोड आहे हे फोनवर विचारून खात्री करा.

मुंबईकडून गाडीने येणाऱ्यांसाठी: गेली काही वर्षं गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास मिळतो. पोलीस ठाण्यात किंवा आरटीओत चौकशी करा.

केवडा

विमानाचा विचार केला का? पुण्याहून गोव्यात मोपाला उतरून कुडाळ तासा-दीड तासावर. चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) तर आणखी जवळ, पण तिथली चालू उड्डाणं बघूनच ठरवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची. पक्षाघाताचा पेशंट असल्याने कंपनीचा 'मेडिफ' (विमानप्रवासासाठीच्या वैद्यकीय माहितीचा) फॉर्म लागतो का ते विचारा, तो डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. पावसाळ्यात उड्डाण दुसरीकडे वळवलं जाऊ शकतं, ती शक्यता धरून चाला.

फिजिओ_करवीर

गाडीत बसवण्यापासून सुरुवात करते.

आसनाची उंची बाबांच्या गुडघ्याएवढी असलेली गाडी निवडा. उंच एसयूव्हीत चढवताना ओढाताण होते, बुटक्या गाडीतून उठवताना कंबर जाते, त्यांचीही आणि तुमचीही. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवा. सीटवर प्लास्टिकची मोठी पिशवी पसरा. आधी पाठ गाडीकडे करून बसवा, डोकं वाकवून आत घ्या, मग दोन्ही पाय उचलून आत वळवा. पिशवीमुळे अंग सहज फिरतं. बसल्यावर पिशवी काढा, नाहीतर ब्रेक लागला की घसरतील. उजव्या हाताखाली उशी द्या, हात लोंबकळत ठेवू नका. दर दीड तासाला थांबा, उतरता आलं नाही तरी दोन्ही पावलं घोट्यातून वीस वेळा वरखाली करा. पाय तासन्‌तास लटकून राहिले की सूज येते आणि शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. वॉरफरिनमुळे तो कमी होतो, संपत नाही.

आता सगळ्यात जास्त घडणारी चूक. उजवा हात धरून ओढू नका. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू ढिले असतात, एका झटक्यात सांधा निसटतो आणि पुढे कित्येक महिने दुखतो. गणपतीत हे हमखास होतं, कारण प्रत्येक जण हात हातात घेतो, भाचे 'चला मामा' म्हणून काखेत हात घालतात. २६ जणांना आधीच सांगा: उठवायचं ते कमरेच्या पट्ट्याला धरून, आणि फक्त शिकलेल्या तिघांनी. रुंद सुती पट्टा किंवा जाड ओढणी कमरेला बांधली तरी चालते. खुर्चीतून पलंगावर नेताना खुर्ची डाव्या, म्हणजे सशक्त बाजूने लावा.

घराच्या मापांसाठी हे आत्ताच कोणालातरी गावात मोजायला सांगा: अंगणापासून पडवीची उंची, उंबऱ्याची उंची, दारांची आतली रुंदी, न्हाणीच्या दाराची रुंदी. व्हीलचेअर बाहेरून २४ ते २६ इंच असते, जुन्या घरांतली काही दारं त्याहून जेमतेम मोठी निघतात. उताराची फळी करायची तर दर १ इंच उंचीला १२ इंच लांबी हवी. ६ इंचाच्या उंबऱ्याला ६ फूट. पडवी दीड फूट उंच असेल तर १८ फुटांची फळी लागेल, ती जमणार नाही. तिथे दोन पायऱ्या असतील तर खुर्ची मागे फिरवून, मोठी चाकं आधी, एक जण वर मुठी धरून आणि एक जण खाली चौकट धरून चढवा. खालच्याने पायठेवणीला हात लावू नये, ती निसटते. आखूड फळीवरून 'जोर लावून' ढकलू नका. ओल्या फळीवर ढकलणाऱ्याचाच पाय घसरतो.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने घ्या आणि रात्री पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवा. पलंग नसेल तर आणायला हवा, जमिनीवरच्या गादीवरून त्यांना उठवता येणार नाही.

तळकोकण

मी गावातच ऱ्हवतंय म्हणान सांगतंय. घर बंद आसल्यास चतुर्थीच्या धा दिवस आधी कोणीतरी येवन उघडूक व्हया. कौलां गळतत काय ती बगा, पलंगाच्या वर तर नक्कीच बगा. भिंतींका बुरशी धरलेली आसता, ती ओल्या फडक्यान पुसा, झाडू मारू नकात, धूळ उडता. अंगणातल्या चिऱ्यांर शेवाळ आसता तां ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यान घासा आनि पाऊस येवच्या आधी सुकूक द्या. थयसरच मानसां पडतत.

बावडेचा पानी पावसात गढूळ आसता. हजार लिटराक अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, बालदीत कालवून, गाळ खाली बसलो काय वरचा पानी बावडेत सोडूचा आनि एक तास थांबाचा. बाबांका मात्र उकळून गाळलेलाच द्या.

वाट चिकलाची आसली तर गाडी खंयपर्यंत येता तां आधीच बगून घेवा. आनि मुंबैच्या पोरांका सांगा, पायाक जखम आसली तर शेतात नि व्हाळात (ओढ्यात) अनवानी उतरू नकात. ह्या दिवसांत लेप्टो (दूषित पान्यातसून येवचो ताप) आसता.

घाटमाथा

थोडा वेगळा प्रश्न. आमच्याकडे आई घरी ऑक्सिजनवर आहे (२ लिटर), तिलाही गावी न्यायचंय. लाईट गेली तर काय? आणि निरांजनाचं काय करतात?

वीजजोडणी

हिशोब सरळ आहे. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. जुनी बॅटरी, इन्व्हर्टरमधली घट हे धरून हाताशी अकराशे-बाराशे येतात. ५ लिटरचं ऑक्सिजन यंत्र सुमारे ३५० वॉट खातं. म्हणजे जेमतेम तीन तास. त्यात घरातले पंखे, माटवीची रोषणाई, पोरांचे चार्जर लावले तर दीड तासही नाही. यंत्रासाठी वेगळा इन्व्हर्टर आणि वेगळं प्लग पॉइंट ठेवा, आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. साध्या चौकोनी लहरीवर कॉम्प्रेसर गुरगुरतो, तापतो.

कोकणात पावसात झाड तारेवर पडलं की वीज रात्रभर जाऊ शकते. म्हणून शेवटचा आधार सिलिंडर. मध्यम 'बी' प्रकारात सुमारे १५०० लिटर वायू मावतो. २ लिटर दर मिनिटाला लावलात तर साडेबारा तास. असे दोन भरलेले, रेग्युलेटर आणि पाना लावून तपासलेले. पाना नसल्यामुळे भरलेला सिलिंडर तसाच पडून राहतो, हे फार वेळा होतं. भिंतीला दोरीने बांधून उभा ठेवा.

शेवंती, तुमच्याकडे हवेची गादी असेल तर तिचा पंप दहाबारा वॉटच खातो, पण वीज गेली की गादी बसते आणि माणूस थेट फळीवर येतो. खाली चार इंची फोमची गादी असू द्या.

पायवाट

घाटमाथा, ऑक्सिजन चालू असताना उघडी ज्योत दहा फुटांच्या आत नको. निरांजन, समई, कापूर, उदबत्ती, सगळं आलं त्यात. नळी काढून बाजूला ठेवून आरती ओवाळायची, हेही चालत नाही. ऑक्सिजन पदरात, पांघरुणात, केसांत साठून राहतो आणि ठिणगी पडली तर कापड एकदम पेटतं. आईला मखराच्या खोलीच्या दाराबाहेर, मूर्ती सरळ दिसेल अशा कोनात बसवा. ओवाळायचं असेल तर सुपारी आणि अंगठीने ओवाळा. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका, पाण्यात मिसळणारं जेल वापरा. दारात फटाके लावू नयेत हे शेजारच्या घरांनाही सांगून ठेवा. धुराने दम लागतो.

पंचपात्र

पौरोहित्य करतो, त्या बाजूने लिहितो.

पार्थिव (मातीच्या) गणपतीची पूजा नीट केली तर तास-सव्वा तास जातो. तेवढा वेळ बाबांना बसवायची गरज नाही. यजमान म्हणून त्यांचा संकल्प व्हावा, प्राणप्रतिष्ठेला ते समोर असावेत आणि आरतीला असावेत. मधली षोडशोपचार पूजा मुलगा त्यांच्या वतीने करतो. भटजींना आधी फोनवर सांगितलंत तर संकल्प आणि प्राणप्रतिष्ठा लागोपाठ घेऊन वीस मिनिटांत बाबांना मोकळं करता येतं. गणपतीत भटजी एका दिवसात अनेक घरी जातात, त्यामुळे तुमची वेळ सकाळची हवी हे महिनाभर आधी ठरवून घ्या.

पाटावर मांडी घालून बसणं हा नियम नाही. खुर्चीवर बसून संकल्प होतो. उजवा हात उचलत नसेल तर मुलाने त्यांचा हात खालून धरून अक्षता सोडाव्यात. 'हाताला हात लावा' हे आपण एरवीही म्हणतोच. उदक सोडायला ताम्हन त्यांच्या मांडीपर्यंत उचलून धरा, त्यांना वाकवू नका.

उपास आणि औषध: पूजा होईपर्यंत उपाशी ठेवू नका. पाणी, फळ, दूध, औषध यांनी व्रत मोडत नाही, हे धर्मशास्त्रातच सांगितलेलं आहे. आठची गोळी आठलाच, न्याहारी वेळेवर. नैवेद्याची वाट बघत दोन वाजले आणि गोळी राहिली, असं व्हायला नको.

सुतक-सोयराचा विचार आताच करून ठेवा. भावकी मोठी असली की अशी वेळ येऊ शकते. काही घरांत दुसऱ्याच्या हातून पूजा करून घेतात, काही घरांत त्या वर्षी गणपती आणत नाहीत. तुमच्या घरची रीत थोरल्या जाणत्यांना विचारा आणि भावकीत आधी बोलून घ्या. तसं झालं तरी माणसं जमायला कशाचीच आडकाठी नाही, हे बाबांनाही सांगून ठेवा.

पातोळी

स्वयंपाकाचं मी सांगते. २६ माणसांसाठी चतुर्थीला मोदक ७० धरा: मोदकाचं पीठ १ किलो, त्याला मापाने तेवढंच पाणी, सहा मध्यम नारळ, खोबऱ्याच्या निम्मा गूळ. सारण ओलं राहिलं तर मोदक वाफेत फुटतो, आणि उकड गरम असतानाच मळली नाही तर कळीला चिरा जातात. बाकी तुमच्या घरच्या बायका जाणतात.

पण बाबांना मोदक देऊ नका. हे मन घट्ट करून सांगावं लागतंय. उकड चिकट, टाळूला आणि घशाला चिकटते, आत खोबऱ्याचे तंतू आणि गुळाचा पातळ रस. घट्ट, पातळ आणि चिकट हे तीन पोत एकाच घासात येतात आणि गिळायला त्रास असलेल्या माणसाला हेच सगळ्यात अवघड. मोदक कुस्करूनही नको.

त्याऐवजी त्याच चवीची पायस करा. ओलं खोबरं वाटून, दोनदा गाळून एक कप घट्ट नारळाचं दूध काढा. पाऊण कप पाण्यात २ मोठे चमचे तांदळाचं पीठ गुठळी न होता कालवा, हळदीच्या पानाचा तुकडा टाकून मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवा. पीठ कच्चं राहिलं तर घशात खवखवतं. मग नारळाचं दूध घाला, कड येऊ देऊ नका, फाटतं. खाली उतरवून, जरा निवल्यावर गाळलेला गुळाचा पाक २ मोठे चमचे, वेलची-जायफळाची वस्त्रगाळ पूड. पान काढून टाका. चमचा तिरका केला की गोळा एकसंध घसरून पडला पाहिजे. धार लागली तर पातळ, चिकटून राहिला तर घट्ट. पोत तुमच्या थेरपिस्टने सांगितलाय त्याच्याशी ताडून घ्या आणि पुण्यात आधी एकदा देऊन बघा. हळदीच्या पानाचा वास आला की मोदकाची आठवण पुरी होते.

तीर्थाकडे कोणाचं लक्ष जात नाही. पळीभर तीर्थ म्हणजे पातळ पाणीच, हमखास ठसका. पंचामृत दही जास्त घालून दाट करा आणि अर्धा छोटा चमचा द्या, नाहीतर नुसतं ओठांना लावा. खिरापत, चुरमुरे, खडीसाखर, शेंगदाणे त्यांच्या हातात देऊ नका. लहान मुलं प्रेमाने आजोबांच्या तोंडात प्रसाद घालतात, त्यांना आधी समजावा.

भरवताना पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा घास. उजव्या गालात घास साठतो, शेवटी बोट फिरवून बघा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. आणि भरवताना गप्पा नकोत. पंगतीत बसवायचं असेल तर आधी वेगळं जेवू घाला, मग पंगतीत आणा.

डॉ_बकुळ

पातोळींच्या पोस्टला एक जोड. ऋषीपंचमीची भाजी. त्यात अळू, माठ अशी पालेभाजी भरपूर असते आणि पालेभाजीतलं 'के' जीवनसत्त्व वॉरफरिनचा परिणाम कमी करतं. एरवी बाबा जेवढी पालेभाजी खातात तेवढीच राहू द्या. एकदम दोन वाट्या नको आणि घाबरून पूर्ण बंदही नको, कारण बंद केल्याने परिणाम उलट वाढतो. निघण्याआधी त्याच आठवड्यात आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) तपासून घ्या. दुखलं-खुपलं म्हणून कोणाच्या पर्समधली वेदनाशामक गोळी देऊ नका, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फ्लूची लस सगळ्या मोठ्यांनी जाण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावी. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने बाबांच्या खोलीत जाऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला न्यूमोनिया लवकर होतो आणि तोच जिवावर बेततो.

तातडीची तयारी: डिस्चार्जचा कागद, औषधांची यादी (कंपनीच्या नावांऐवजी औषधाच्या मूळ नावाने, डोस-वेळेसह), शेवटचा आयएनआर, ईसीजी. एक संच छापून, एक फोनवर. औषधं मुक्कामापेक्षा सात दिवस जास्त आणि दोन वेगळ्या बॅगांत. सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पडव्याला एसएसपीएमचं. गंभीर रुग्ण पुढे गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जातात. चतुर्थीच्या आठवड्यात सीटी स्कॅन आणि डॉक्टर कुठे हजर असतील ते फोन करून लिहून ठेवा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं आणखी अडखळलं तर घड्याळ बघा. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वॉरफरिनवर असलेल्यांना ते देता येईलच असं नाही, पण ते ठरवायला आयएनआर आणि स्कॅन लागतातच. आणि पडून डोक्याला लागलं तर वरून ठीक दिसले तरी स्कॅन करा. १०८ला पत्ता सांगताना वाडीचं नाव आणि गाडी कुठवर येते ते सांगा.

शेवंती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे बाबांना फोटो दाखवून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा 'हो' आलं ते मूर्ती घरात येण्याला आणि भजनाला. पूजेला बसण्याबद्दल 'नाही'. मोदकाला फार किंमत नाही. आत्याच्या फोटोवर डोळ्यांत पाणी आलं आणि थांबेचना. आम्ही घाबरलो. आत्या ८४ वर्षांची आहे, बेळगावला. भजन रात्री उशिरा असतं, ते कसं करायचं?

पायवाट

पक्षाघातानंतर रडू किंवा हसू आवरत नाही, मेंदूचा लगाम सैल होतो. दुःखाइतकंच आनंदातही होतं. २६ जणांना आधी सांगा, नाहीतर मूर्ती दारात आली, बाबा रडले आणि सगळे 'यांना आत न्या' म्हणत उचलून नेतात. दोनतीन मिनिटं हात धरून बसा, आपोआप थांबतं. एखादा साधा प्रश्न विचारून लक्ष वळवलं तरी चालतं. उत्तरासाठी मात्र थांबावं लागेल.

आत्या येणार असतील तर दोघांची पहिली भेट गर्दीत नको. त्यांना शनिवारीच आणा.

तळकोकण

भजनाचा सांगतंय. मंडळी घरोघर फिरतत, तुमच्याकडे येयसर अकरा-बारा वाजतत. बुवांका आधीच भेटा आनि पयला घर आमचा धरा म्हणान सांगा, आजारी मानूस आसा म्हटल्यार कोण नाय म्हननत नाय. साडेसातांक सुरू, साडेआठांक बाबा आत. उसळपाव आनि चाय तयार ठेवा, म्हणजे मंडळी फुडच्या घराक वेळेर जातली.

मूर्तीच्या शाळेत (मूर्ती करतत थंय) पाट आधी न्हेवन देवचो लागता, तेवा मूर्ती आणूची वेळ पण ठरवून घेवा. बहुतेक जण चतुर्थीच्या सकाळी आणतत नि एकच गर्दी जाता. तुमी आदल्या दिवशी संध्याकाळी आणा, पाऊस थांबलेलो बगून. मूर्ती उंबऱ्यार थांबवतत, पायांर पानी घालतत, ओवाळतत, तेवा बाबांची खुर्ची लोट्यावर (पडवीत) आधीच बसवून ठेवा. माटवी पण आदल्या दिवशीच बांधून घेवा: कवंडाळां, कांगलां, हरणां, तवशी, नारळ, सुपारेचो घड, आंब्याचे टाळ. खयचा खंय बांदूचा तां बाबांकच बोटान दाखवूक सांगा.

फिजिओ_करवीर

भजनात त्यांना पखवाजापासून आणि झांजांपासून लांब, भिंतीला पाठ करून बसवा. मोठा आवाज आणि गर्दी दोन्ही एकदम आलं की थकवा लवकर येतो. दुपारी बारा ते चार घर शांत हवं. त्या वेळेत भेटायला येणाऱ्यांना अंगणातच चहा द्या. खोलीत एका वेळी दोघे, दहा मिनिटं. रात्रीच्या जागरणासाठी पाच रात्रींचे पाच वेगळे जण आताच नेमा आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावा. सगळं एकट्या आईवर टाकू नका.

पंचपात्र

विसर्जनाला त्यांना व्हाळावर नेऊ नका. उत्तरपूजा घरात होते, मूर्ती जागची हलवली की विधी पुरा झाला. अक्षता त्यांच्या हातून वाहून घ्या, मूर्ती लोट्यावरून निघेपर्यंत खुर्ची तिथे असू द्या.

डॉ_बकुळ

शेवंती, एक अवघड गोष्ट विचारते. गावात असताना तब्येत एकदम खालावली तर व्हेंटिलेटरपर्यंत जायचं का, हे बाबांना विचारलंय का? समज शाबूत आहे, तर निर्णय त्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं आगाऊ इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. सहीला उजवा हात चालत नसेल तर डाव्या अंगठ्याबद्दल नोटरीला आधी विचारा. हे पुण्यातच, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर बोला. २६ माणसं जमल्यावर नाही.

शेवंती

विचारलेलं नाही. या रविवारी आई आणि आम्ही दोघं भावंडं बसतोय, मग डॉक्टरांची वेळ घेतो. घराची मापं चुलत भावाने आजच पाठवली: पडवी १४ इंच, पायऱ्या दोन, उंबरा ५ इंच, माजघराचं दार २८ इंच, न्हाणीचं दार २३.

फिजिओ_करवीर

उंबऱ्याला ५ फुटांची फळी. पडवीला मागे फिरवून चढवा. न्हाणीत व्हीलचेअर जाणार नाही, चार छोट्या चाकांची, २१ इंच रुंदीपर्यंतची कमोड-कम-शॉवर खुर्ची मिळते, ती पुण्याहूनच भाड्याने घेऊन जा. चाकांना ब्रेक आहेत ना ते दुकानातच बघा, आणि न्हाणीचा उतार मोरीकडे असतो म्हणून आत गेल्यावर चारही ब्रेक लावा.